माझ्या अक्षरात आलेलं तुमचं पत्र

तुमच्या दादांना सकाळी कोणतं इंजेक्शन दिलं होतं, ते डॉक्टर विचारत होता आणि सांगायला कुणी नव्हतं. दादा रक्त ओकले होते. चादर भरली, उशी भरली, माझा पदर भरला. डॉक्टर पोरगाच होता. तो काउंटरकडे बघून ओरडला, चार नंबरचे कागद काढा, रक्ताचे रिपोर्ट काढा. काउंटरवर आपली शुभदा उभी होती. ती म्हणाली, काहीच उघडत नाहीये. मी मान वळवून बघितलं. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर काळी पाटी आली होती आणि तिच्यावर लाल इंग्रजी अक्षरं. त्या काळ्या पाटीच्या आधी शुभदाच्या पडद्यावर जे शेवटचं दिसलं, ते तुमचं पत्र होतं, भाऊजी. तुम्हाला निमतल्याच्या स्मशानात पोचवून आठवडाही झाला नव्हता.

मला लिहिता येतं तेवढं लिहिते आहे. चौथीपर्यंतची माझी शाळा तुम्हाला माहीत आहे. तुमच्याबद्दल मंडळाच्या अंकात सगळे चांगलं लिहिणारच आहेत. नानांनी मंडळ उभं केलं, नानांनी कलकत्त्यात मराठी टिकवली. ते त्यांनी लिहावं. मी तुमच्याशी भांडायला बसले आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या चहाचा कप हातात धरून निघून गेलात.

तुम्ही गेलात तसे दादा खचले. तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं. माझा अजित तुमचे दिवस करत घरात बसलेला, म्हणून सुनेनेच टॅक्सी बोलावली. कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता. सॉल्ट लेकच्या त्या नर्सिंग होममध्ये काउंटरला शुभदा आहे, म्हणजे आपलं माणूस आहे. तिच्या नवऱ्याची बँकेतून इथे बदली झाली तेव्हा पहिला महिनाभर तिला डबा कुणी पोचवला, तुम्हीच ना? आपण परक्या गावात असंच जगलो. डॉक्टर चांगला आहे का हे नंतर बघायचं, आधी तिथे आपलं कोण आहे ते बघायचं. शुभदाने दादांना खिडकीजवळची खाट दिली. शेजारच्या खाटेवर साहाबाबू होते, रिटायर झालेले शाळामास्तर. त्यांची बायको मला दिदी म्हणायची. तिने मला मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, दिले, मी तिला मेथीचे लाडू दिले. तिला ते कडू लागले, पण तिने संपवले.

दादांना बरं वाटत होतं. रक्त पातळ करायचं काहीतरी पोटात टोचत होते. त्या दुपारी मी त्यांना मऊ भात भरवत होते, तेवढ्यात शुभदा धावत आली. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "काकू, नानांचं पत्र आलंय. जायच्या आधी लिहून ठेवलं असणार त्यांनी." मी म्हटलं, वाच काय लिहिलंय. ती म्हणाली, नुसती इंग्रजी अक्षरांची झालमुडी, सगळी भेळ दिसतेय, सोबतचा फॉन्ट बसवते आणि वाचून दाखवते. ती परत गेली. मी भाताचा पुढचा घास केला.

तो घास दादांच्या तोंडात गेला नाही.

आता फॉन्टचं. हा शब्द मी तुमच्याच तोंडून शिकले. तुम्ही खिदिरपूरच्या गोदीत जन्मभर नकाशे काढलेत, रेघेला रेघ लावलीत, आणि रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले. एक दिवस तुम्ही माझ्या लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सोडवून नेल्यात. कैरी, लिंबू, मिरची. तेलाने माखलेल्या चिठ्ठ्या. मला वाटलं डोकं फिरलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, असं गोल अक्षर आता कुणाचं राहिलेलं नाही. मला सगळी अक्षरं काढून द्या." मी म्हटलं, मला पोळ्या करायच्या आहेत. तुम्ही पोळपाटाशेजारी कागद ठेवलात. आठवडाभर पोळ्या आणि अक्षरं एकदमच चालली होती. तुमच्या एका कागदावर अजून पिठाचं बोट असेल. त्यातून तुम्ही तो फॉन्ट केलात आणि त्याला नाव दिलंत 'वहिनी'. माझा ळ मात्र तुम्ही सरळ केलात. मी तेव्हाच सांगितलं, हा माझा ळ नाही. तुम्ही म्हणालात, हाच दिसायला बरा आहे. त्यावर आपण किती वर्षं भांडलो.

तरी एक सांगते. गणपतीची पत्रिका, हळदीकुंकवाचं बोलावणं, दिवाळीचा अंक, सगळं माझ्या अक्षरात छापून यायला लागलं. माझ्या सासूबाई मला अडाणी म्हणत आल्या. आणि कलकत्त्यातल्या प्रत्येक मराठी घरात माझं अक्षर गेलं, मोठमोठ्या साहेबांच्या घरांतही. मी तुम्हाला कधी बरं वाटलं म्हणून सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. चहात साखर जरा जास्त पडायची, तेवढ्यावरून तुम्ही ओळखायचात.

त्या फॉन्टशिवाय तुमचं पत्र कुणालाच वाचता येत नसे. म्हणून प्रत्येक पत्राच्या खाली तुमची ओळ ठरलेली: अक्षरं नीट दिसत नसतील तर सोबतचा फॉन्ट बसवून घ्यावा. लोक बसवत. नवीन बदलून आलेल्या कुटुंबाला तुम्ही आधी फॉन्ट द्यायचात, मग पत्ता विचारायचात. कुणी शंका घेतली नाही. नानांची अक्षरं, त्यात काय असणार?

शंका एकीनेच घेतली, आपल्या केतकीने. सून सेक्टर फाइव्हच्या एका कंपनीत हेच काम करते, दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरांत चोर शिरू नयेत म्हणून राखण. मला तिचं काम तेव्हा कळायचं नाही. तुम्हाला कळत होतं, म्हणून जास्त राग येतो. कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ यंत्रणेतच भोक सापडलंय, ती म्हणाली, अक्षरं काढण्याच्या भागात. फॉन्ट म्हणजे चित्रं नव्हेत. प्रत्येक अक्षरासाठी त्यात हुकूम असतात, इथून निघ, इतकं वळ, इथे थांब. कॉम्प्युटर ते मुकाट पाळतो. कुणी त्यात वाकडा हुकूम घुसवला तर तोही पाळतो. आणि ही अक्षरं काढण्याचं काम तो कुठल्यातरी अगदी आतल्या जागी बसून करतो, जिथे कुणाला अडवत नाहीत. मला ते असं कळलं, की गॅसवाला दारात थांबत नाही, सिलिंडर खांद्यावर घेऊन थेट स्वयंपाकघरात येतो, आणि आपण त्याचं तोंडही बघत नाही.

तुम्ही हसलात. म्हणालात, "अगं, तुझ्या सासूच्या अक्षरात शिरायची कुणाची छाती आहे?" सगळे हसले, मीसुद्धा. केतकी हसली नाही.

भोक बुजवायला कंपनीने काहीतरी पाठवलं. अपडेट म्हणतात ते. ते घेतलं आणि तुमचा फॉन्ट दिसेनासा झाला. जुन्या पद्धतीचा होता, नव्या यंत्रणेने त्याला दारातच अडवलं. माझ्या अक्षरांच्या जागी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं आली. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मग तुम्ही खटपट करून ते अपडेट काढून टाकलंत. तेवढ्यावर थांबला असतात तर तुमच्यापुरतं राहिलं असतं. तुम्ही मंडळाच्या सगळ्यांना कळवलंत, अपडेट घेऊ नका, आपली अक्षरं जातात. आणि तुमचं सगळे ऐकत. शुभदा दुपारी काम नसलं की काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर दिवाळी अंकाचे लेख टाइप करायची, म्हणून तिने तिथलंही अपडेट होऊ दिलं नाही. नर्सिंग होममध्ये कोणी विचारलं तर सांगायची, नंतर करू. दुसऱ्या कोणाची अक्षरं अशी जात नव्हती. बंगाल्यांची गेली नाहीत, मारवाड्यांची गेली नाहीत. आपणच मूठभर माणसं आपली अक्षरं वाचवायला दार उघडं टाकून बसलो होतो.

केतकीने दोनदा सांगितलं, नाना, अक्षरं नव्या पद्धतीत आणू, मी मदत करते, थोडा वेळ लागेल. नाहीतर मोबाइलवर येते ती साधी मराठी वापरा. तुम्ही म्हणालात, त्यात वहिनींचं अक्षर कुठे आहे? मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या दिवशी तुमच्या चहात साखर जास्त पडली.

मग ते परदेशातल्या कुणा गृहस्थाचं पत्र आलं तुम्हाला. तुमचा फॉन्ट बघितला, इतकं सुंदर वळण कुठे पाहिलं नाही, मीही जुन्या लिप्यांचा नादी आहे, मी केलेला मोडीचा फॉन्ट भेट पाठवतो. तुम्ही मला हाक मारून ते वाचून दाखवलंत. मी विचारलं, हा कोण? तुम्ही म्हणालात, गुणग्राहक आहे. मी म्हटलं, फुकट स्तुती करणाऱ्याला काहीतरी हवं असतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्हाला जगात एक तरी माणूस चांगला दिसतो का?" आणि तो मोडीचा फॉन्ट बसवलात. मोडीतलं एक अक्षर पडद्यावर उमटलं आणि तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. केतकी आता म्हणते की त्याच क्षणी कुणीतरी आत आलं असणार. मग ते तुमच्या कॉम्प्युटरात बसून राहिलं. तुमची पत्रं वाचत राहिलं. नाना कोणाला लिहितात, काय लिहितात, खाली कोणती ओळ असते. तुम्ही रात्रीची गोळी विसरायचात, पण ते काही विसरत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर तुमचा कॉम्प्युटर बंद करायचं कोणाला सुचलं नाही. घरात माणसांची ये-जा, रडारड. तुमच्या खोलीत तो हिरवा दिवा लुकलुकत होता. मी दोनदा त्या खोलीत झाडू मारला. माझ्या पाठीमागे तो चालू होता.

तुमचंच मागच्या गणपतीचं पत्र त्यांनी परत पाठवलं. शब्द तुमचे, सही तुमची, खाली तुमची ओळ, आणि सोबत फॉन्ट. आतून दुसराच, आणि नाव जरासं बदललेलं, म्हणून ज्यांच्याकडे 'वहिनी' आधीपासून होता त्यांनाही तो बसवावा लागला. त्यांना मराठी येण्याची गरजच पडली नाही. लोकांना वाटलं, नानांचं शेवटचं पत्र आहे. तारीख जुनी का, कोणी बघितलं नाही. एक म्हातारे गृहस्थ मला फोनवर म्हणाले, वहिनी, नाना जाता जाताही आम्हाला विसरले नाहीत. तेव्हा मी नर्सिंग होमच्या दारात उभी होते आणि माझ्या पदरावर तुमच्या दादांचं रक्त वाळत होतं.

त्या दुपारचं सांगते, तुम्हाला माहीत असायला हवं. रक्त पातळ करायचं औषध अंगात होतं, म्हणून ते थांबत नव्हतं. त्यावर उतारा द्यायचा तर आधी काय आणि किती दिलंय ते डॉक्टरला कळायला हवं होतं. सगळं कॉम्प्युटरात. तिथे कागद ठेवायचे बंद केले होते, त्याचं त्यांना मोठं कौतुक होतं. मला विचारलं. मी म्हटलं, पोटात टोचलं, पांढरी सुई होती. सुईचा रंग घेऊन त्याने काय करायचं? सकाळची सिस्टर ड्यूटी संपवून मेट्रोत बसली होती, तिचा फोन लागत नव्हता. रक्त द्यायचं तर गट माहीत नाही. मी गट सांगितला तर म्हणाले, तोंडी चालत नाही, परत तपासावं लागेल. नळी भरून एका माणसाला बाहेरच्या लॅबकडे पळवलं. दादांचा हात गार पडत चालला होता. ते मला म्हणाले, "नाना बोलावतोय का गं?" मी म्हटलं, बोलावू दे, तुम्ही जायचं नाही.

केतकी आली ती आधी काउंटरवर गेली. तिने शुभदाचा पडदा बघितला. एवढंच म्हणाली, सगळं कुलूपबंद करून पैसे मागताहेत. भिंतीतल्या तारा ओढून काढल्या, सगळ्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, आई, हे पत्र सगळ्यांकडे गेलंय, आता माझं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील. तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मी मंडळाच्या ग्रूपवर बोलले, आणि ते बोलणं आता लोकांनी पाठ केलंय. मी म्हटलं, "मी वहिनी बोलते आहे. भाऊजी मेले. मेलेला माणूस पत्र लिहीत नाही. कोणी उघडू नका, उघडलं असेल तर कॉम्प्युटरची तार काढा." पाठीमागे दादांच्या कण्हण्याचा आवाज होता. त्यामुळे असेल, लोकांनी ऐकलं.

साहाबाबूंचा रक्ताचा रिपोर्ट त्याच दुपारी यायचा होता. त्यावरून ठरणार होतं, त्यांना मोठ्या इस्पितळात हलवायचं की इथेच ठेवायचं. तो रिपोर्टही त्या काळ्या पाटीखाली गेला. त्यांचंही रक्त परत काढलं, त्यांचीही नळी दादांच्या नळीबरोबर गेली. बायको त्यांच्या पायाशी बसून होती. तिने मला विचारलं, दिदी, काय झालं? मी म्हटलं, कॉम्प्युटर बंद पडला.

सकाळच्या सिस्टरचा फोन लागला. ती मेट्रोतून उतरून रस्त्यावर उभी राहून औषधाचं नाव सांगत होती आणि डॉक्टर हातावर लिहून घेत होता. उतारा दिला. नंतर रक्त आलं, चढवलं. संध्याकाळी दादांनी पाणी मागितलं. त्याच सुमाराला साहाबाबूंच्या खाटेभोवती पडदा ओढला.

रिपोर्ट वेळेवर आला असता तर ते वाचले असते का, हे मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. केतकीला विचारलं. ती म्हणाली, आई, मला माहीत नाही. ती खोटं बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगितलं होतं, असंही ती एकदा म्हणाली नाही. मी असते तर दहादा म्हटलं असतं. शुभदाची नोकरी गेली. ती आपल्या घरी येऊन रडली, नानांचं पत्र होतं हो काकू, म्हणाली. मी तिला जेवायला वाढलं. तिला काय बोलणार? ती तुमचंच ऐकत होती.

तुमचा कॉम्प्युटर केतकीने उघडून बघितला आणि मग त्याची तार कापली. मी तो जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला आहे. पण भाऊजी, तुम्ही थांबलेले नाही. परवा नागपूरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला, तुझ्या दिराचं पत्र आलंय, गणपतीला बोलावलंय. ते पत्र आता ज्यांनी पाठवायचं ते तुमच्या खोलीतून नाही, दुसरीकडूनच पाठवतात. केतकी म्हणते, जिथे कुठे कोणी अपडेट घेतलेलं नाही तिथे ते शिरत राहणार. पुढच्या वर्षी तुमचं वर्षश्राद्ध होईल, त्या दिवशीही कुठल्यातरी घरात माझी अक्षरं उमटतील आणि कोणीतरी आत येईल. कॉम्प्युटरला माझा हात आणि त्यांचा हात यातला फरक कळत नाही.

केतकीने विचारलं, सगळ्यांना 'वहिनी' काढून टाकायला सांगू का? तिला वाटलं मला वाईट वाटेल. मी म्हटलं, आजच सांग. तुमच्या तेराव्याचा निरोप मोबाइलवरच्या साध्या मराठीत गेला. त्यातला ळही मला पटला नाही. पण सगळ्यांना वाचता आला.

मी तुमच्यावर रागावले आहे, आणि तुम्ही मला जे दिलंत ते कुणी दिलं नव्हतं. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही. तुम्ही समोर असता तर मी चहा आपटला असता आणि साखर घातलीच असती.

एक काम राहिलं होतं, ते काल करून आले. साहाबाईंच्या घरी गेले. केतकी येते म्हणाली, मी नको म्हटलं. बांगला मला येते, इतकी वर्षं माशांच्या बाजारातून काटापोना मासा घासाघीस करून आणला आहे, चार वाक्यं सांगण्याइतकी येते. साहाबाबूंच्या फोटोला रजनीगंधेचा हार होता. तिने मला पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधी बोलले. म्हटलं, त्या दिवशी कॉम्प्युटर आपोआप बंद पडला नव्हता. त्याला बंद पाडणारं पत्र आमच्या घरातून आलं होतं. माझ्या दिराच्या नावाने. अक्षर माझं होतं.

तिला सगळं कळलं की नाही, मला माहीत नाही. ती हारातलं एक सुकलेलं फूल काढत राहिली. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि तुमचे मालक?"

मी म्हटलं, जगले.